गॅलरीच्या आधी नाली

तालुक्याच्या गावात क्रीडा संकुलाच्या विस्ताराला मंजुरी मिळाली की चौकात फलक लागतो. फलकावरचे चित्र बहुधा युरोपातल्या एखाद्या फुटबॉल स्टेडियमचे असते. चारही बाजूंनी गॅलरी, मधे डोळे दिपवणारी हिरवळ, वर रात्रीचे दिवे आणि खाली ठळक अक्षरांत ‘आसनक्षमता 5,000’. नाली कोणत्याच फलकावर नसते. विदर्भातले मैदान चालणार की बंद पडणार, हे मात्र त्या नालीवरच ठरते.

कारण वेळापत्रकात आहे. शाळांचा फुटबॉल इथे पावसासोबतच येतो. 1960 साली सुरू झालेल्या सुब्रतो चषकाच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या शाळा उघडल्यावर लगेच उरकाव्या लागतात, आणि त्याच दिवसांत गोंदिया-गडचिरोलीकडे झड लागलेली असते. मग सामना पुढे ढकला, नाहीतर गोलपोस्टसमोरच्या डबक्यात पोरांना लोळवा, एवढेच आयोजकांच्या हाती उरते. वर्षभर कोरडे राहणारे मैदान नेमके खेळाच्या मोसमात निकामी होते. अशा मैदानाला आणखी दोन हजार खुर्च्या जोडल्या, तर चिखल बघायला दोन हजार माणसांची सोय होईल, एवढेच.

2022 मध्ये राज्य सरकारने तालुका क्रीडा संकुलाची अनुदान मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी केली. म्हणजे पैसा अगदीच नाही, असे आता म्हणता येत नाही. वाद त्याच्या क्रमाचा आहे. आमचे म्हणणे असे की मैदान किती माणसे बसवते हे विचारू नये, वर्षातले किती दिवस खेळू देते हे विचारावे. आजूबाजूच्या वस्तीचे भले-बुरेही त्याच आकड्यावर ठरते.

आधी माती. विदर्भातला शेतकरी जमिनीची नावे सांगतो कन्हार, मोरंड, खरडी, बरडी. कन्हार म्हणजे भारी काळी जमीन, कापसाला सोन्यासारखी, मैदानाला तेवढीच वाईट. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा टाकते. एकदा भिजली की तिच्यातून पाणी खाली जवळजवळ जातच नाही. हिशेब करून पाहावा. 105 बाय 68 मीटरचे मैदान म्हणजे 7,140 चौरस मीटर. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर 3 लाख 57 हजार लिटर पाणी येते. ते मुरणार नसेल, तर वाहून जायला हवे. त्यासाठी मैदानाची मधली रेषा उंच ठेवून दोन्ही बाजूंना एक टक्का उतार द्यायचा, म्हणजे 34 मीटरला 34 सेंटिमीटर. कासवाच्या पाठीसारखा हा उतार डोळ्याला दिसत नाही, चेंडूलाही जाणवत नाही, पाण्याला मात्र कळतो.

नुसता उतार कन्हारीवर टिकत नाही, कारण दुसऱ्या उन्हाळ्यात तीच जमीन जागा बदलते. म्हणून वरची काळी माती काढावी लागते. कडेच्या पाच-पाच मीटर पट्ट्यासह 115 बाय 78 मीटर क्षेत्र 45 सेंटिमीटर खोल खोदले, तर सुमारे 4,036 घनमीटर, म्हणजे 1,426 ब्रास माती निघते. ती गावाबाहेर कुठेही टाकून देणे हा शुद्ध गाढवपणा. बरडीवाले, म्हणजे हलक्या जमिनीचे शेतकरी ती स्वतःच्या ट्रॅक्टरने उचलतील, फक्त दवंडी वेळेवर हवी आणि खोदकाम एप्रिल-मेमध्ये हवे. पेरणी झाल्यावर कोणाच्या वावरात ट्रॅक्टर शिरणार?

त्या जागी मुरूम भरायचा तो 15-15 सेंटिमीटरच्या तीन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि रोलर फिरवून. इथेच सगळ्यात जास्त चोरी होते. 45 सेंटिमीटर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला की वरचा पापुद्रा घट्ट होतो, खालचा भाग पोकळ राहतो. पहिल्या पावसात काही दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गोलपोस्टसमोर आणि मध्यवर्तुळात, जिथे पायांचा मार जास्त तिथे, जमीन बसते आणि डबकी तयार होतात. तोवर शेवटचे देयक निघालेले असते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक थरानंतर घनतेची चाचणी घ्यायची आणि तिच्या नोंदीवर संकुल समितीतल्या एखाद्या क्रीडाशिक्षकाची सही घ्यायची.

मुरमात पाच-सहा मीटर अंतराने चर काढायचे, त्यात 100 मिलिमीटर व्यासाचे छिद्रांचे पाइप, भोवती 20 मिलिमीटर गिट्टी आणि सगळ्याला गुंडाळून जिओटेक्स्टाईल कापड. कापड वाचवले तर दोन वर्षांत बारीक माती पाइपात शिरून ते बुजतात, आणि मग उकरल्याशिवाय इलाज नसतो. सगळ्यात वर 15 सेंटिमीटरचा थर: वाळू जास्त, थोडी माती, थोडे कुजलेले शेणखत. त्यावर हरळी. विलायती गवताच्या नादी लागू नये. ज्या हरळीला शेतकरी धुऱ्यावर शिव्या घालतो, तीच इथे कामाची. तुडवली तरी मरत नाही, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या सरीला परत येते.

एवढे सगळे नीट केले तरी एक गोष्ट हमखास चुकते. पाणी बाहेर कुठे सोडायचे? गावातला सिमेंट रस्ता दर नव्या कामात थोडा थोडा वर चढत गेलेला असतो, त्याच्या कडेची नालीही त्याच्यासोबत वर गेलेली असते आणि मैदान जुन्या पातळीवरच बशीसारखे राहते. मग कोणीतरी मैदानच उंच करायचे ठरवतो. मैदान कोरडे होते आणि आधी मैदानात साचणारे पाणी मागच्या वस्तीतल्या घरांत शिरते. वस्ती बहुधा गरिबांची असते, कारण मैदानामागची सखल जागा दुसरे कोण घेणार? म्हणून मैदानाच्या अंदाजपत्रकात मैदानापासून नाल्यापर्यंतच्या नालीची पातळी, लांबी आणि उतार काढलेला असलाच पाहिजे. परिसर विकास नावाची जी गोष्ट भाषणांतून ऐकू येते, तिची सुरुवात या नालीपासून होते. मैदानासोबत मागच्या वस्तीचे पाणी निघाले, तर ती वस्ती मैदानाला आपले म्हणेल. नाही निघाले, तर पहिल्याच झडीत वॉल कंपाउंड फुटलेले दिसेल, आणि फोडणाऱ्याला दोष देता येणार नाही.

मग हे काम होत का नाही? भ्रष्टाचार हे सोपे उत्तर झाले. खरे कारण मोजणीत आहे. मापन पुस्तिकेत भिंत चढते, स्लॅब चढतो, लोखंड किलोवर चढते. उतार, घनता आणि हिरवळ चढवायला त्रास पडतो, आणि जमिनीखाली गेलेला पाइप उद्घाटनाच्या दिवशी दाखवता येत नाही. फीत गॅलरीसमोर कापतात.

गॅलरीला सरसकट विरोध नाही. 15 ऑगस्टची कवायत, तालुका स्पर्धा, उन्हात थांबलेले पालक यांना बसायला जागा हवी, डोक्यावर टिन हवे. माणशी 50 सेंटिमीटर धरले, तर 100 मीटर लांबीच्या पाच पायऱ्यांवर 1,000 माणसे बसतात, आणि तालुक्याला एवढे पुरते. ती मैदानाच्या पश्चिमेला बांधावी, म्हणजे दुपारच्या सामन्यात ऊन पाठीवर येते. मैदान उत्तर-दक्षिण आखावे, नाहीतर एका गोलकीपरच्या डोळ्यात सूर्य ठरलेला. या गोष्टी फुकटच्या आहेत, तरीही भूखंडाच्या आकाराकडे किंवा मुख्य रस्त्याकडे तोंड करण्याच्या हौसेकडे बघून त्या मोडल्या जातात.

पायाचे मात्र फुकटात होत नाही. काळ्या मातीत ओलावा वरखाली होणारा थर तीन-साडेतीन मीटर खोल जातो. त्याच्या आत टेकलेला उथळ पाया पावसाळ्यात उचलला जातो आणि उन्हाळ्यात बसतो, पायऱ्यांना तिरप्या भेगा पडतात. म्हणून गॅलरीखाली तळाशी फुगीर केलेल्या, अंडर-रीम्ड पाइल त्या थराच्या खाली नेऊन टेकवाव्या लागतात. खर्च वाढतो, म्हणून तर गॅलरी छोटी हवी. पाच हजारांची गॅलरी उथळ पायावर उभी करण्यापेक्षा हजाराची खोल पायावर केलेली परवडते. आणि गॅलरीच्या मागे नळाची टाकी किंवा संडासाचा शोषखड्डा कधीही घेऊ नये. एका बाजूची माती सतत ओली राहिली की अख्खी गॅलरी मागे कलते.

लोखंडी-लाकडी तात्पुरत्या गॅलरीचा मोह अंतिम सामन्याच्या दिवशी होतोच. मार्च 2022 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉलच्या सामन्यात अशीच तात्पुरती गॅलरी कोसळून शंभराहून अधिक लोक जखमी झाले होते. आपल्याकडे शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आणि मंडईतल्या दंडारीच्या लोकनाट्याला लोक बैलबंडीवर, झाडावर, टिनांवर बसतात, तेव्हा ‘काही होत नाही’ ही सवय जुनी आहे.

त्याहून मोठा धोका फाटकाचा. जनावरे शिरू नयेत म्हणून संकुलाला चोहीकडून वॉल कंपाउंड आणि एकच फाटक, तेही आत उघडणारे. सपाट वाटेने एका मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 82 माणसे जातात, असे ब्रिटनमधला स्टेडियम सुरक्षेचा मार्गदर्शक सांगतो, आणि बाहेर पडायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागू नये, असेही. 5,000 माणसांना आठ मिनिटांत काढायचे तर साडेसात मीटरहून जास्त रुंदी लागते. आपले तीन मीटरचे एक फाटक त्यांना वीस मिनिटे कोंडून ठेवेल, आणि पाहुण्यांची गाडी आडवी लागली असेल तर किती, ते सांगायलाच नको. तीन बाजूंना तीन फाटके हवीत, बाहेर उघडणारी. सामना सुरू असताना त्यांना कुलूप नसावे, माणूस असावा.

आता परिसराचा प्रश्न. स्टेडियम मोठे झाले की गाव मोठे होते, हॉटेले येतात, प्लॉटचे भाव चढतात, असे सांगितले जाते. भाव चढतात हे खरे. बाकीच्यासाठी बाहेरचे अनुभव तपासून पाहावेत. ब्राझीलच्या मनाउस शहरात 2014 च्या विश्वचषकासाठी चाळीस हजारांवर आसनांचे स्टेडियम बांधले. विश्वचषकाचे सामने झाले चार, त्यानंतर एवढ्या खुर्च्या भरतील असा क्लब त्या शहरात नव्हता. लंडनचे 2012 च्या ऑलिम्पिकचे स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायला 32 कोटी पौंडांहून अधिक खर्च आला, कारण धावपट्टी आणि फुटबॉल यांच्या प्रेक्षकांना एकाच गॅलरीत बसवणे कठीण होते. हा प्रश्न आपल्याला नाही, आणि ते आपले भाग्यच. प्रेक्षक थोडे असल्याने 400 मीटरची धावपट्टी आणि तिच्या आत फुटबॉल, ही जोडी आपल्याला अगदी फिट बसते. आठ मार्गिकांची धावपट्टी साधारण 177 बाय 93 मीटर जागा घेते, म्हणजे चार एकर. पाच एकरांत सगळे मावते.

लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफील्ड स्टेडियमची गोष्ट जास्त जवळची वाटावी. क्लबने विस्तारासाठी स्टेडियमला लागून असलेली घरे घेतली, निर्णय वर्षानुवर्षे लांबला आणि घेतलेली घरे पत्रे ठोकून रिकामी पडली. मुख्य गॅलरी 2016 मध्ये उघडली, पण तोवर त्या गल्ल्यांची रया गेलेली होती. वाढ होणार म्हणून जे उद्ध्वस्त झाले ते वाढीने झाले नाही, ते लटकत ठेवल्याने झाले. आपल्याकडे हेच काम विकास आराखड्यातले आरक्षण करते. ‘खेळाचे मैदान’ असा शिक्का बसला की त्या प्लॉटवर कर्ज मिळत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही, विकायला गेले तर गिऱ्हाईक पळते. नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवण्याच्या मार्गाला लागू शकतो. शेवटी मैदानही मिळत नाही आणि मधली दहा वर्षे एका घराची मातीत जातात. आरक्षण टाकताना भूसंपादनाची तरतूद त्याच अंदाजपत्रकात दाखवता येत नसेल, तर टाकू नये.

सरकारी जमीन शोधायला गेले तर दुसरी अडचण. वऱ्हाडात ती बहुधा ई-क्लास असते, म्हणजे गुरांच्या चराईची. पूर्व विदर्भात झुडपी जंगल. सातबाऱ्यावर झुडपी लिहिलेल्या उघड्या माळावर अनेक सार्वजनिक कामे उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले. आता अशा जागेवर एक वीटही लावण्याआधी वनेतर वापराची परवानगी लागते. गाव म्हणते माळच आहे, झाड कुठे आहे? पण कागद माळ म्हणत नाही. आराखडा करणाऱ्याने सर्वांत आधी नोंद बघावी, नाहीतर पाया भरल्यावर काम थांबते आणि लोखंडी गजांना गंज चढत राहतो.

जागा मिळते म्हणून मैदान गावाबाहेर चार किलोमीटरवर नेणे, ही तिसरी चूक. 2008 मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेने नागपूरच्या सदरमधून वर्धा मार्गावर जामठ्याला नवे स्टेडियम उभारले. मोठ्या क्रिकेटला ते परवडते, कारण सामने वर्षात मोजकेच आणि लोक गाड्या घेऊन येतात. तालुक्याच्या मैदानावर येणारे पोर सायकलवर किंवा पायी येते. बल्लारपूरजवळच्या विसापूरसारखे मोठे संकुल जिल्ह्यात एखादे असावे, तिथे डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय शालेय अ‍ॅथलेटिक्स झालेही. प्रत्येक तालुक्याने विसापूर व्हायचे ठरवले, तर प्रत्येक तालुक्यात बकऱ्या चरतील.

मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला दुकानांचे गाळे काढून देखभालीचा खर्च भागवायचा, ही युक्ती आता जवळपास सर्वत्र सापडते. गाळे लिलावात जातात, भाडे ठरते, काही वर्षांनी ते थकते. मैदान मात्र कायमचे आठ-दहा मीटर आत सरकते आणि गाळ्यांच्या पाठीमागची बाजू कचराकुंडी आणि मुतारी होते. रस्त्यावरून मैदान दिसेनासे झाले की संध्याकाळी तिथे मुली थांबत नाहीत. मैदानाचे रक्षण करायला रस्त्यावरची नजर पुरते, ती अडवू नये. त्यापेक्षा पानठेला, चहावाला, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई यांना फाटकाजवळ ओटे, पाण्याचा नळ आणि एक दिवा द्यावा. नगरपंचायतीच्या हद्दीत हा उपकाराचा भाग नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण झाल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि विक्रेता समितीत किमान 40 टक्के विक्रेतेच असावे लागतात. सुशोभीकरणाच्या नावाखाली पहिला जेसीबी ठेल्यांवर चालवणाऱ्यांनी हा कायदा उघडून बघावा.

मैदान खऱ्या अर्थाने रोज वापरतो कोण? फुटबॉलची पोरे आहेतच, पण पहाटे साडेचारला गावाबाहेरच्या हायवेच्या कडेने धावणारी पोलीस भरतीची मुले-मुली त्यांच्याहून अधिक असतात. मुलांना 1,600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक, एकूण 50 गुण. 400 मीटरच्या धावपट्टीवर 1,600 म्हणजे बरोबर चार फेऱ्या, वेळ मोजता येते. हायवेवर किलोमीटरचा दगड आणि मागून येणारा ट्रक. यांना गॅलरी नको, मातीची सपाट धावपट्टी हवी, अंधारात पाय दिसेल एवढे दिवे हवेत. बारा-पंधरा मीटर उंचीचे चार खांब सरावाला पुरतात. सामन्याच्या झोतदिव्यांचे बिल कोणी भरत नाही, आणि भरले नाही की जोडणी कापून सगळाच अंधार होतो.

कृत्रिम टर्फचा आग्रह आता तालुक्यापर्यंत पोचला आहे. त्याचे आयुष्य आठ-दहा वर्षे, नंतर ते उखडून नवे अंथरावे लागते, त्याचा पैसा कुठल्याच योजनेत नसतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात, जिथे हवाच 46-47 अंशांना जाते, तिथे टर्फचा पृष्ठभाग साठच्या पुढे तापतो. अनवाणी पोराने त्यावर पाय ठेवून दाखवावा. हरळीला पाणी लागते हे खरे, उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर 36 हजार लिटर. ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येते, तिथे मैदानाला ते द्या म्हणणे निर्लज्जपणा ठरेल. म्हणून एप्रिल-मे हरळीला सुकू द्यावे आणि मैदान पहाटेपुरते ठेवावे. वस्तीच्या नालीचे पाणी गाळून वापरता आले तर उत्तम, नाही आले तरी मैदान मरत नाही.

मुलींचा हिशेब वेगळा आहे. खेड्यातून येणारी मुलगी एसटीच्या मोफत पासवर शाळेत येते आणि तिची शेवटची गाडी पाच-साडेपाचला असते. प्रशिक्षण साडेपाचला सुरू झाले, तर ती कधीच खेळणार नाही, मग मैदानाला कितीही दिवे लावा. साडेतीन ते पावणेपाच ही वेळ, स्टँडपासून पायी दहा मिनिटांच्या आत मैदान, कडी लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह, एवढ्या तीन गोष्टींवर मुलींचा संघ उभा राहतो किंवा राहत नाही. नागपुरात विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे गॅलरी नव्हती. मुले होती आणि मोकळी जागा होती.

आणि शेवटी किल्ली. संकुलाच्या फाटकाची किल्ली कार्यालयात असते, कार्यालय पावणेदहाला उघडते. तोवर भरतीची पोरे चार फेऱ्यांऐवजी चार किलोमीटर रस्त्यावर पळून, घाम पुसून, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पोचलेली असतात. पाच कोटींच्या अंदाजपत्रकात पहाटे चार वाजता फाटक उघडणाऱ्या माणसाच्या पगाराची ओळ कुठे आहे, हे निविदा निघायच्या आधी समितीला विचारून घ्यावे.